टपावरचा तंबू घेण्याआधी

गाडीच्या डॅशबोर्डमधल्या कप्प्यात, पीयूसी आणि विम्याच्या कागदांखाली, एक जाड पुस्तक असतं. बहुतेक मालकांनी ते गाडी घेतल्यापासून उघडलेलं नसतं. रूफटॉप टेंट घ्यायचा विचार डोक्यात आला असेल, तर तंबूंचे व्हिडिओ बघण्याआधी ते पुस्तक बाहेर काढा. टपावर किती वजन चालतं याचा आकडा त्यात असतो. कुठे ५० किलो, कुठे ७५, मोठ्या गाडीला १००. काही पुस्तकांत साफ लिहिलेलं असतं की टपावरचे रेल केवळ शोभेचे आहेत, त्यांना काहीही बांधू नये. आपल्याकडच्या कितीतरी लहान एसयूव्ही याच वर्गात मोडतात. गाडी बघितली तर हिमालय चढून जाईल अशी, आणि रेलवर साधी बॅग बांधायची सोय नाही.

तंबूची निम्मी निवड या आकड्यापाशीच होते, कारण तंबू हलका नसतो. दोघांचा, घडी होणारा कापडी तंबू साधारण ४५ ते ६० किलो भरतो. कडक कवचाचा ६० ते ९०. पुस्तकातला आकडा धावत्या गाडीसाठी असतो आणि तंबू ज्यांवर बसतो ते आडवे बारही त्यातच धरायचे असतात. समजा मर्यादा ७५ किलोंची आहे. दोन ॲल्युमिनियम बारांचे सहा-सात किलो, तंबू ६० किलो, उरले जेमतेम आठ. पांघरुणं आत ठेवूनच तंबू मिटलात तर तेही संपले. आता या बारांच्या जागी कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेला लोखंडी कॅरिअर आणा. तो एकटाच ३०-४० किलोंचा असतो, म्हणजे तंबू वर चढण्याआधीच निम्मी मर्यादा खाल्लेली. असे कॅरिअर आणि त्यावर लादलेले तंबू घेऊन फिरणाऱ्या गाड्या रस्त्यावर दिसतात. त्यांचं अजून काही बिघडलेलं नाही एवढंच त्यावरून कळतं.

इथे एक शंका हमखास येते. ७५ किलोंच्या टपावर दोन माणसं झोपणार कशी? दोघांचे १५०, तंबूचे ६०, अंथरूण-पांघरुणाचे १०, असे २२० किलो झाले. याचं उत्तर असं की उभ्या गाडीचं छत धावत्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त भार पेलतं. गाडी पळत असताना ब्रेक, खड्डे, वळणं आणि वारा मिळून वरच्या वजनाला पुढे-मागे, आडवंतिडवं ओढत असतात. उभ्या गाडीत तेच वजन फक्त खाली दाबतं आणि दारांमधल्या खांबांवर वाटलं जातं. अडचण एवढीच की या उभ्या भाराचा आकडा बहुतेक कंपन्या छापत नाहीत. मग बार बनवणाऱ्याने दिलेला आकडा बघायचा आणि गाडी, बार, तंबू या तिघांत जो सगळ्यांत कमी तो आपला मानायचा. छतभर पसरलेलं काचेचं सनरूफ असेल तर सर्व्हिस सेंटरला लेखी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि थारचं कापडी छताचं मॉडेल असेल, तर तंबू छतावर बसणारच नाही. त्यासाठी थेट बॉडीला आधार घेणारा बाहेरचा सांगाडा लागतो, आणि मग खर्च, वजन आणि आरटीओचा प्रश्न असं सगळंच वाढत जातं.

आकडा जमला तरी एक प्रश्न उरतोच. आपल्याला असा तंबू खरोखर हवा आहे का?

त्याचं खरं सुख रोज मुक्काम हलवणाऱ्याला आहे. संध्याकाळी गाडी लावली, पाच-दहा मिनिटांत तंबू उभा, सकाळी तेवढ्याच वेळात मिटवून पुढच्या गावाला. स्पिती किंवा लडाखच्या फेरीत, जिथे जमीन दगडगोट्यांची असते आणि खुंटी ठोकायलाच मिळत नाही, तिथे त्याचं मोल कळतं. कोकणात दुसरा फायदा. जमीन ओली असो, लाल मुंग्यांचं वारूळ असो, आपण पाच-सहा फूट वर. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं ही काही गोष्टीतली भीती नाही, आणि विंचवाचं म्हणाल तर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर केलेलं काम जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत पोचलं, ते इथल्या रुग्णांमुळेच. रात्री वर झोपलेलं बरं वाटतं ते यासाठी. मात्र हा तंबू बिबट्यापासून वाचवतो असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. जुन्नरच्या उसात वावरणाऱ्या जनावराला गाडीचं छत ही काही उंची नव्हे. माकडांचा त्रास त्याहून रोजचा. तंबूत खाण्याचं काही ठेवलंत, तर सकाळी कापडाला एक जादा खिडकी झालेली दिसेल.

उलट एकाच जागी तीन दिवस तळ ठोकायचा असेल, तर हाच तंबू अडचण होतो. दूध आणायला गावात जायचं तरी आधी घर मिटवायचं. पवनेच्या काठी शनिवार-रविवार मुक्काम करणाऱ्या कुटुंबाला सात-आठ हजारांचा जमिनीवरचा चांगला तंबू पुरतो, आणि उरलेल्या पैशांत वर्षभराचं पेट्रोल येतं. टपावरच्या तंबूंच्या किमती साधारण साठ-सत्तर हजारांपासून सुरू होऊन दोन लाखांच्या पुढे जातात. वर्षातून दोन-तीनच रात्री बाहेर काढणार असाल तर भाड्याने घ्या. तंबू बसवलेल्या गाड्या भाड्याने देणारे आता बऱ्याच शहरांत आहेत. विकत घेणार असलात तरी एक रात्र भाड्याच्या तंबूत काढाच. गुडघे, पाठ आणि घरच्यांचा उत्साह, तिन्ही त्या रात्रीत तपासून होतात.

आता प्रकार. ढोबळमानाने दोन. पहिला कापडी घडीचा. मिटलेला असताना गाडीच्या टपावर जाड गादीच्या वळकटीएवढा, आणि उघडला की निम्मा भाग शिडीच्या आधाराने गाडीबाहेर येतो. त्यामुळे लहान टपावरही मोठी जागा मिळते. नवरा-बायको आणि दोन लहान मुलं झोपतील असे १८०-१९० सेंटिमीटर रुंदीचे तंबू याच प्रकारात मिळतात. किंमत कमी, वजनही त्यामानाने कमी. पण मिटवताना वरचं पावसाळी आवरण ओढायचं, कापड आत खोचायचं, झिप लावायची, हे सगळं टायरवर पाय ठेवून, हात वर करून करावं लागतं. भर पावसात हे करताना माणसाचा स्वभाव कळतो.

दुसरा कडक कवचाचा, फायबर किंवा ॲल्युमिनियमचा. खटके सोडले की गॅसच्या दांड्यांवर झाकण वर जातं. काहींत चारही बाजूंनी सरळ, काहींत एका टोकाला बिजागरी ठेवून तिरपं. तिरप्या प्रकाराला वारा कमी लागतो, कारण बिजागरीचं बसकं टोक वाऱ्याकडे करून गाडी लावता येते. पाऊस त्या उतारावरून निघून जातो. उघडायला एक मिनिट, मिटवायला तीन-चार. तोटे असे की लांबी दोन मीटरच्या पुढे असते आणि मिटल्यावरही ती तेवढीच राहते. म्हणून जिम्नीसारख्या आखूड टपाच्या गाडीवर तो मागेपुढे बाहेर येतो. मागचा दरवाजा वर उघडणारा असेल तर तो तंबूला आपटतो का हे मोजून बघा. शार्कच्या पंखासारखा अँटेना असेल तर त्याचीही उंची मोजा. दुकानात या दोन गोष्टी कुणी आपणहून सांगत नाही.

माझं मत विचाराल, तर सह्याद्री आणि कोकणात बाराही महिने फिरणाऱ्या दोघांनी, गाडीचं छत पेलत असेल तर, तिरप्या झाकणाचा कडक तंबू घ्यावा. चौघांचं कुटुंब असेल आणि मुलं दहा वर्षांच्या आतली असतील तर मोठा कापडी चालेल, पण पावसाळ्याचे चार महिने सोडून. मुलं वाढली की सगळे एकत्र झोपणं संपतंच. मग दोघांचा तंबू वर आणि मुलांचा खाली हीच सोय उरते. म्हणून आजच मोठ्या तंबूवर जास्त पैसे घालण्यात फारसा अर्थ नाही.

पावसाचं थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्याकडे तंबू खराब होतो तो तिथेच. यांतले पुष्कळ तंबू ऑस्ट्रेलिया किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या प्रदेशांचा विचार करून आखलेले असतात. तिथे धूळ आणि ऊन हे मोठे शत्रू. ताम्हिणीत किंवा आंबोलीत जुलैचा पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो, आणि थांबत नाही. माहितीपत्रकात कापडाची जलरोधकता मिलिमीटरमध्ये दिलेली असते. कापडावर किती उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तर पाणी झिरपायला लागतं, त्याचा तो आकडा. १५०० म्हणजे हलक्या सरींपुरतं, ३००० असेल तर बरं. पण तंबू गळतो तो कापडातून क्वचितच. गळतात त्या शिवणी, झिपा आणि खिडक्यांचे कोपरे. आतल्या बाजूने प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली आहे का ते बोट फिरवून बघा. खिडकीवर पुढे आलेली झालर किमान वीतभर तरी हवी, नाहीतर पाऊस सुरू झाला की खिडकी बंद, आणि खिडकी बंद की आत कोंडमारा.

हा कोंडमारा ही दुसरी गोष्ट. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात साधारण अर्धा लिटर पाणी बाहेर पडतं. संपूर्ण पॉलिएस्टरच्या तंबूत ते भिंतींना आणि झाकणाच्या आतल्या पत्र्याला लागून थेंबाथेंबाने खाली येतं. सकाळी गादी ओली लागली की लोक तंबू गळला असं समजून दुकानदाराशी भांडतात. कापूस आणि पॉलिएस्टरचं मिश्र कापड, २८० ते ३२० जीएसएमचं, श्वास घेतं. ओलं झालं की त्याचे धागे फुगून छिद्रं बुजतात. नवीन असताना ते एकदा पूर्ण भिजवून, पूर्ण वाळवून मगच वापरायला काढायचं असतं. ते जड असतं, महाग असतं आणि वाळायला वेळ घेतं, पण दमट हवेत झोप त्यातच येते. गादीखाली हवा खेळती ठेवणारी जाळीदार चटई घाला. नसेल मिळत तर समोरासमोरच्या दोन खिडक्या दोन बोटं उघड्या ठेवा.

आणि वाळवणार कुठे, हे विकत घेण्याआधी ठरवा. ओला तंबू मिटून घरी आणला तर दुसऱ्याच दिवशी उघडावा लागतो. दोन-तीन दिवस तसाच राहिला की बुरशी धरते, आणि तो काळा डाग व तो वास पुन्हा जात नाही. आतला जलरोधक लेप दमट उष्णतेत चिकट होऊन सोलपटायला लागतो. पुण्या-मुंबईच्या इमारतीत खांबांवरच्या पार्किंगची उंची सव्वादोन-अडीच मीटर. थार किंवा स्कॉर्पिओ-एन मुळातच १.८५ मीटरच्या आसपास उंच. त्यावर बार आणि मिटलेला तंबू धरून आणखी तीस-पस्तीस सेंटिमीटर. म्हणजे गाडी आत शिरेल की नाही इथपासून सुरुवात, उघडणं तर विसराच. मॉलच्या तळघराच्या दारावर टांगलेला उंचीचा दांडा आता तुमच्यासाठीच आहे. गच्ची, गावाकडचं अंगण, मित्राचं शेत यांपैकी काही हाताशी नसेल, तर जून ते सप्टेंबर तंबू उतरवून कोरड्या जागी ठेवा.

उतरवायचं म्हटलं तरी साठ किलोंची वस्तू सहा फुटांवरून खाली आणायला चार माणसं लागतात. एकदा वॉचमनला हाक मारता येते, दर महिन्याला नाही. स्वतःचं गॅरेज असेल तर छताला कप्पी लावून घ्या. बसवताना तंबूबरोबर आलेले, आत नायलॉनची कडी असलेले नटच वापरा, ते आपोआप ढिले होत नाहीत. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर गाडी थांबवून सगळे बोल्ट पुन्हा आवळा. चोरीची भीती असेल तर चावीचे नट मिळतात.

शिडी आणि गादी यांकडे ग्राहकांचं लक्ष शेवटी जातं. रोजचा संबंध मात्र त्यांच्याशीच. शिडीच्या पायऱ्या अनवाणी चढून बघा. गोल नळीच्या पायऱ्या तळव्यांना टोचतात, चपट्या बऱ्या. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसाने आणि गुडघ्यांची तक्रार असलेल्याने हा प्रयोग दुकानातच करावा. आई-वडिलांना न्यायचं असेल तर त्यांची झोपायची सोय खालीच करा. बरोबर येणारी गादी बहुधा पाच सेंटिमीटरची असते आणि कुशीवर झोपणाऱ्याला खालची फळी लागते. ती काढून घट्ट फोमची सात सेंटिमीटरची घातली तर फरक पडतो. पण मग तंबू नीट मिटतो का ते आधी तपासायला हवं.

टपावर साठ किलो चढले की गाडीचा स्वभाव बदलतो. गुरुत्वमध्य वर जातो, वरंध किंवा कुंभार्लीच्या वळणांवर गाडी नेहमीपेक्षा जास्त झुकते, ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं. द्रुतगती मार्गावर ताशी १०० ची परवानगी आहे म्हणून तेवढी पळवायलाच हवी असं नाही. ८० च्या पुढे वाऱ्याचा आवाज आणि इंधनाचा खर्च दोन्ही झपाट्याने वाढतात. तळ टाकताना गाडी सपाट हवी. मोबाइलमधलं पातळी दाखवणारं ॲप त्याला पुरतं, आणि थोडा उतार असलाच तर डोकं वरच्या बाजूला. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. तंबूत शेगडी, कोळसा, गॅसचा दिवा काहीही पेटवायचं नाही, आणि थंडी वाजते म्हणून खाली इंजिन चालू ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि लडाखच्या थंडीत खिडक्या घट्ट बंद असतात तेव्हा तो सगळ्यांत घातक.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा काटेकोर अर्थ लावला. बोल्ट सोडून काढता येणारा तंबू आणि छत कापून केलेला बदल या वेगळ्या गोष्टी आहेत, पण घाटात अडवणाऱ्या हवालदाराशी हा वाद घालण्यापेक्षा आधीच आरटीओत विचारलेलं बरं. छताला भोक पाडू नका आणि विमा कंपनीला तंबूची माहिती ईमेलने कळवून ठेवा. मुक्कामाच्या जागेचंही तसंच. भंडारदऱ्याच्या आसपासचा मोठा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय रात्री गाडी लावू नये. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घातली किंवा पर्यटनस्थळी उघड्यावर चूल मांडली तर दंड होतो. वेळास आणि आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने चालत जातात, त्यामुळे तिथे तंबूचे एलईडी पट्टे लावून बसणं हा निव्वळ अडाणीपणा आहे. त्यापेक्षा गावात कुणाची तरी वाडी गाठा, विचारून अंगणात गाडी लावा, रात्रीचे पैसे द्या. पाणी आणि संडासाची सोयही त्यातच होते.

राहता राहिली खरेदी. दुकानात विक्रेत्याने उघडून दाखवला म्हणून समाधान मानू नका. तुम्ही स्वतः उघडा, स्वतः मिटवा, आणि तुमच्याच गाडीवर. सुट्या भागांची चौकशी करा: गॅसच्या दांड्या, झिपा आणि वरचं पावसाळी आवरण वेगळं मिळतं का, आणि किती दिवसांत. दारावर येऊन दुरुस्ती करणारं कुणी नसतं, तंबू कंपनीकडे पाठवायचा म्हटलं तर वाहतुकीचाच खर्च डोळ्यांत भरतो. मग एक शेवटची मागणी करा. गाड्या धुवायचा पाइप आणा आणि तंबूवर दहा मिनिटं चारही बाजूंनी आडवं पाणी मारा, तुम्ही आत बसून शिवणी बघा. विक्रेत्याने याला नकार दिला, तर पैसे खिशातच ठेवा आणि दुसरं दुकान बघा.